हजर करीन

"थांबायचं नाही," बाबा म्हणाले. "शिपाई बघतोय."

दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे, जिना वळतो तिथे, त्यांनी कठडा घट्ट धरला होता. ओठ निळे पडले होते आणि शर्टाच्या आत छाती भात्यासारखी हलत होती. मी एका बाजूला, माझा नवरा दुसऱ्या बाजूला, पण हात लावायची आम्हाला सक्त मनाई. बसथांब्यापासून फाटकापर्यंत ते तीन ठिकाणी टेकले होते. कोर्टाचं फाटक ओलांडलं की मात्र ते ठणठणीत. निदान दिसायचं तरी तसंच.

"लिफ्ट चालू असती तर..." मी पुटपुटले.

कोर्टाची लिफ्ट चार वर्षं बंद होती. दारावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती आणि पाटीवर धूळ. माझ्या नवऱ्याने एकदा फटीतून आत डोकावून पाहिलं होतं. "दोन तासांचं काम आहे," असं तो म्हणाला, तेव्हा बाबांनी त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं होतं. "तू लिफ्टला हात लावू नकोस रे बाबा. एक खटला पुरे झाला."

"काय हजेरीमास्तर!" शिपाई वरून ओरडला. "आज गाडी हळू चाललीय?"

"गुडघा धरलाय," बाबा म्हणाले. "वय झालं. तुझंही होईल."

शिपाई हसला. उरलेल्या अकरा पायऱ्या बाबा न थांबता चढले, बाकावर बसले आणि रुमाल काढून नाक शिंकरल्यासारखं करत तोंडावर धरला. रुमालाआड ते तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. मी भिंतीवरची सूचना वाचत असल्याचं सोंग केलं. तीन वेळा वाचली, पण काय लिहिलंय ते आजही सांगता येणार नाही.

पुकारा झाला. नवरा आत जाऊन उभा राहिला. सरकारी साक्षीदार आला नव्हता, न्यायाधीशांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी येणाऱ्या बाई अजून रुजू व्हायच्या होत्या. कारकुनाने पुढची तारीख दिली, बावीस. दोन महिन्यांनंतरची. बाबांनी खिशातली छोटी वही काढून ती लिहून घेतली.

"म्हणजे अजून दोन महिने काढायला हवेत," ते म्हणाले. स्वतःच्या जगण्याबद्दल बोलत होते. आवाजात कसलाही कढ नव्हता, हिशोब होता.

परतताना बसमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "कोणाला शंका नाही ना आली?"

बाबा पाण्याचे मीटर वाचायचे. एकतीस वर्षं तेच काम. हातात लोखंडी आकडा, खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी. लोखंडी झाकण उचलायचं, झुरळं बाहेर पळू द्यायची आणि मग गुडघा टेकून आकडा वाचायचा. लोक दारातूनच म्हणायचे, "अहो, मागच्या वेळेसारखंच टाका ना काहीतरी." बाबा ऐकून घ्यायचे आणि जमिनीला गाल टेकवून आकडा वाचायचे. त्यांच्या सगळ्या पँटी डाव्या गुडघ्यावर फाटलेल्या. आई होती तोवर तिने आणि नंतर मी ठिगळं लावली. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात स्वतःच्या नावाचं घर असलेला तेवढा एकच माणूस.

मी लग्न केलं ते त्यांच्या मनाविरुद्ध. "विहिरीत दोरीला लोंबकळणाऱ्या माणसाला मी मुलगी देणार नाही," असं ते म्हणाले होते. माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता आणि ज्या पोकळीतून लिफ्ट वरखाली होते तिला विहीरच म्हणतात. त्यांनी दिलं-न दिलं याची वाट न बघता मी गेले. त्यानंतर नऊ वर्षं बाबा माझ्या नवऱ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रस्त्यात समोर आला तर दुकानांच्या पाट्या वाचत पुढे जायचे. माझ्याशी बोलायचे, पण पाहुण्याशी बोलावं तसं.

मग एका सहा मजली इमारतीत लिफ्टचा दोर तुटला. आत एक माणूस होता, चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसातला हिशेबनीस. तो गेला. दोर बदलायला झालाय हे माझ्या नवऱ्याने मॅनेजरला सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाला होता, "पुढच्या महिन्यात बघू, तू रजिस्टरवर सही कर." आणि याने 'तपासले, ठीक आहे' याच्यापुढे सही केली होती. सांगितलं ते तोंडी आणि सही मात्र कागदावर. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. मॅनेजर दुसऱ्याच दिवशी जामिनावर घरी गेला. माझा नवरा आत राहिला.

लोकांना वाटतं, जामीन मिळाला की माणूस सुटतो. मलाही तसंच वाटायचं. दोन महिन्यांनी कोर्टाने जामीन मंजूर केला, मी आनंदाने रडले, आणि त्यानंतर पाच महिने तो आतच होता. कारण हुकुमात लिहिलं होतं, एक लायक जामीनदार द्यावा. म्हणजे असा कोणीतरी, ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे आणि जो लिहून देईल की हा माणूस पळाला तर माझ्यावर या. मी त्याच्या मित्रांकडे गेले. नात्यातल्या लोकांकडे गेले. कोणी भाड्याने राहत होतं, कोणाच्या घराचं कर्ज फिटायचं होतं, आणि ज्याच्याकडे सगळं होतं त्याची बायको चहा न विचारताच आत निघून गेली. बाबांकडे मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

एका सकाळी तेच दारात उभे. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले घराचे कागद.

"कोर्ट किती वाजता उघडतं?" त्यांनी विचारलं. बाकी काही नाही.

जामीनपत्राचा छापील फॉर्म कारकुनाने त्यांच्यापुढे सरकवला आणि खाली बोट ठेवलं. "इथे सही करा, काका."

बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, ओठ हलवत. मागे रांग खोळंबली.

"काका, एवढं कोणी वाचत नाही हो."

"नुसती सही केली म्हणूनच हा आत गेलाय," बाबा म्हणाले आणि दुसऱ्या पानाकडे वळले.

त्यात एक ओळ होती. 'आरोपीस मी प्रत्येक तारखेस न्यायालयासमोर हजर करीन.' ती त्यांनी दोनदा वाचली. सगळे जामीनदार ती लिहून देतात आणि घरी जातात. आरोपी आपला आपण येतो. बाबांना ते पटण्यातलं नव्हतं. हजर करीन म्हणजे हजर करीन. पुढची सहा वर्षं, दर तारखेला, ते सकाळी सातला आमच्या दारात येऊन उभे राहायचे. "चला जावईबापू, निघा." बसमध्ये त्याला खिडकीजवळ बसवून स्वतः कडेला बसायचे, हा जणू मधल्या थांब्यावर उडी टाकणार आहे! कोर्टात पुकारा होऊन नवऱ्याने 'हजर' म्हटलं की मागच्या बाकावरून बाबाही उठून उभे राहायचे. हजेरीमास्तर हे नाव शिपायाने त्यावरूनच ठेवलं.

सुरुवातीला माझा नवरा चिडायचा. "मी काय ढोर आहे का, दावं लावून न्यायला?" मग हळूहळू चिडणं थांबलं. तारखा पंचेचाळीसच्या वर गेल्या. दर तारखेला बाकावर चार-पाच तास शेजारी बसणारी माणसं किती दिवस गप्प राहणार? एकदा मी डबा घेऊन गेले तर बाबा त्याला पाण्याचा मीटर उलटा कसा फिरवतात ते सांगत होते आणि तो त्यांना लिफ्टचा ब्रेक कसा लागतो ते हातवारे करून दाखवत होता. दोघांनाही मी आलेलं कळलं नाही. डबा हातात धरून मी दाराशीच उभी राहिले, कारण मला ते मोडायचं नव्हतं.

गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली. सरकारी इस्पितळात होणार होतं, नंबरही लागला होता.

"ऑपरेशन केलं तर धोका किती?" बाबांनी विचारलं.

"या वयात शंभरातले आठ-दहा दगावतात," डॉक्टर म्हणाले. "पण नाही केलं तर वर्ष-दीड वर्ष. तेही सांगता येत नाही."

बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "निकाल लागला की करू."

मला आधी कळलंच नाही. नवऱ्याच्या लक्षात आलं. कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये अर्ज टाइप करून देणारा एक माणूस बसतो. जामीन झाला त्या दिवशी बाबांनी त्याला विचारलं होतं, मला काही झालं तर काय? त्याने टाइप करता करता, मान वर न करता सांगितलं होतं, "सोपं आहे. जामीनदार वर गेला की आरोपी आत." ते वाक्य बाबांनी सहा वर्षं जपून ठेवलं होतं. दुसरा जामीनदार कुठून आणणार, हे त्यांनाही माहीत होतं. पहिला मिळायला पाच महिने लागले होते.

"मी आत जातो," नवरा म्हणाला. "तुम्ही नाव काढून घ्या आणि ऑपरेशन करून या. सहा-आठ महिन्यांचा प्रश्न आहे. मी काढीन."

"तू गप."

"बाबा, ऐका तरी."

"मी लिहून दिलंय," बाबा म्हणाले. "मध्येच हात वर करणारा माणूस नाही मी. टेबलावर गेलो-बिलो तर दुसऱ्या दिवशी तुला उचलतील. निकाल लागू दे. कितीसा राहिलाय!"

"मग वकिलाला तरी विचारूया," मी म्हणाले. आमचा वकील सरकारकडून फुकट मिळालेला होता, तिसरा. तारखेला दोन मिनिटं भेटायचा आणि तीही चालता चालता.

"अजिबात नाही." बाबांचा आवाज चढला. "आपण होऊन सांगायचं नाही की जामीनदार आजारी आहे. कोर्टाला एकदा कळलं की कान टवकारतील. कागद मागतील, दाखले मागतील. आहे ते चाललंय ना? चालू दे."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मीटरचा एक आकडा खोटा लिहिला नाही, तो आता कोर्टाच्या जिन्यावर निरोगी असण्याचं नाटक करत होता. तारखेच्या आदल्या दिवशी ते झोपूनच राहायचे, उद्यासाठी दम साठवून ठेवायला.

मी भांडले त्यांच्याशी. रडले. पण एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मी जितकं भांडू शकले असते तितकं भांडले नाही. नवरा संध्याकाळी घरी येत होता, आमची लेक त्याच्याकडून गणितं सोडवून घेत होती, आणि मी शिंप्याकडून आणलेल्या शर्टांची काजं करता करता ते ऐकत बसायची. माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्याला वाटायचं, बाबा म्हणतायत तर राहू दे थोडे दिवस. निकाल लागेलच. त्या पाच महिन्यांची मला इतकी धास्ती बसली होती.

बावीस तारखेला अठरा दिवस उरले होते. दुपारी मी वरणभात घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. दार लोटलेलं होतं. बाबा खुर्चीत बसले होते, मान कडेला, चष्मा मांडीवर. हात लावला तेव्हा कळलं.

आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? बाबा गेले, हे नाही. आता याला नेतील, हे आलं. त्यानंतर मी ओरडले. बाबांसाठी रडण्याआधी मी नवऱ्यासाठी घाबरले, आणि याची लाज मला जन्मभर पुरणार आहे.

सगळं आटोपल्यावर शेजारचे काका नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "गप्प बस. तारीख येईपर्यंत कोण विचारतंय? तारखेलाही बोलू नकोस. कोर्टाला काय स्वप्न पडणारे?"

नवऱ्याने ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता तो कपडे करून उभा होता. पिशवीत दोन जोड, टॉवेल आणि साबण. त्याला माहीत होतं आत काय लागतं ते.

"कुठे?" मी विचारलं, जणू मला कळत नव्हतं.

"त्यांनी लिहून दिलं होतं, हजर करीन म्हणून," तो म्हणाला. "आता ते नाहीत. मग मलाच मला हजर करायला नको?"

"निदान बावीसपर्यंत तरी राहा. लेकीला सांगू दे मला नीट."

"आज गेलो नाही तर बावीसलाही जाणार नाही मी," तो म्हणाला. "ओळखतो मी मला. एकदा नुसती सही करून मोकळा झालो होतो."

मी चप्पल घातली आणि त्याच्याबरोबर निघाले. बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि मी कडेला.

वकील बाररूममध्ये सापडला. डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला बघून म्हणाला, "आधी का नाही बोललात?" आणि अर्ज लिहायला बसला. दुपारी नवीन न्यायाधीशबाईंसमोर पुकारा झाला. मी मागे उभी होते. त्याची कपड्यांची पिशवी माझ्या हातात होती.

बाईंनी अर्ज वाचला. फाइल उलटली. "जामीनदार वारले. बरं. आरोपी कुठाय?"

"हजर," नवरा म्हणाला.

"आज तर तारीख नाही. स्वतः होऊन आलात?"

"हो."

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. "याआधी किती तारखांना गैरहजर?"

कारकुनाने पानं चाळली. शेवटपर्यंत चाळली, मग पुन्हा उलटी. "एकही नाही, मॅडम. सहा वर्षांत एकही नाही."

"मग प्रश्न काय आहे?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्या जामीनदाराची गरज दिसत नाही. वैयक्तिक जातमुचलक्यावर राहू द्या. आरोपीची स्वतःची सही घ्या." लिहिता लिहिता त्या थांबल्या. दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं होतं, ते त्यांनी वाचलं असावं. "बरेच दिवस आजारी होते का? अहो, मग तेव्हाच अर्ज द्यायचा. जामीनदाराला मोकळं करून आरोपीला असंच जातमुचलक्यावर ठेवलं असतं कोर्टाने. असे अर्ज रोज येतात."

वकील मानेने 'हो, हो' करत होता. बाईंनी पुढची फाइल ओढली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं झाली असतील.

नवऱ्याने कारकुनाच्या टेबलावर कागद वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून, सावकाश. मागे रांग होती. कारकुनाने या वेळी घाई केली नाही. वाचून झाल्यावर त्याने सही केली आणि हात तसाच कागदावर ठेवून उभा राहिला. बायका रडतात तसा तो रडला, भर कोर्टात, आवाज करून. शिपायाने त्याच्या खांद्याला धरून त्याला बाहेर बाकावर आणून बसवलं, पाणी दिलं, आणि पहिल्यांदाच बाबांचा उल्लेख 'साहेब' असा केला. मला रडू येत नव्हतं. माझ्या कानात एकच वाक्य फिरत होतं, असे अर्ज रोज येतात.

थोड्या वेळाने कारकून बाहेर आला. "हे जामीनदाराच्या घराचे कागद. मोकळे झाले. नेऊ शकता."

कागदांना वर एक छोटा फोटो टाचलेला होता. फॉर्मला दोन लागतात असं समजून बाबांनी दोन काढून घेतले होते आणि एकच लागला असावा. कोर्टासमोरच्या दुकानात, जामिनाच्या दिवशी काढलेला. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि डोळे मोठे उघडे. बाबा घाबरलेले होते. चांगलेच घाबरलेले. दोन खोल्यांपलीकडे काही नसलेला म्हातारा माणूस, ज्याच्याशी नऊ वर्षं बोलला नाही त्याच्यासाठी त्या खोल्या लिहून द्यायला निघालेला. त्या दिवशी मी सबंध वेळ त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला त्यांची ताठ पाठ तेवढी दिसली होती.

मी फोटो नवऱ्याकडे दिला. तो बराच वेळ बघत राहिला. मग कोणाला लागणार नाही अशा बेताने टाचणी काढून त्याने ती बाकाच्या फटीत खोचली आणि फोटो शर्टाच्या खिशात ठेवला.

"बावीसला मी एकटा येईन," तो म्हणाला. "तू काम बुडवू नकोस."

"बरं," मी म्हणाले.